ताईच्या घराला वास नव्हता

३ फेब्रुवारी
पिल्लूचा श्वास अडकला! दूध प्यायली, पाळण्यात ठेवली आणि एकाएकी घुसमटायला लागली. ओठ निळे. तशीच उचलून धावलो. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी दुपटं हुंगलं. "याला काय लावलंय?"

पेपरमिंटचं तेल. परवा ताईने दिलेलं. पिल्लूचं नाक चोंदलं होतं, म्हणून नवऱ्याने सकाळी दुपट्याला लावलं. बाई म्हणाल्या, एवढ्या लहान बाळाच्या नाकाजवळ हे न्यायचंच नसतं.

४ फेब्रुवारी
ऑक्सिजन काढला. माझ्याकडे बघून हसली लबाड!

आता राग येतोय. ताई या तेलांचे वर्ग घेते. साध्या तेलात मिसळल्याशिवाय अंगाला लावू नका, पोटात घेऊ नका, वाफ घरभर सोडाल तर खिडकी उघडी ठेवा — परक्या बायकांना घसा कोरडा करून सांगते. आणि सख्ख्या बहिणीला? "सर्दी-डोकेदुखीला रामबाण आहे गं." एवढं म्हणून बाटली हातात कोंबली आणि बस पकडायला पळाली. पाळणा समोर होता की!

६ फेब्रुवारी
घरी आलो. संध्याकाळी ताई दारात. आत ये म्हटलं नाही.

म्हणाली, "अगं, बसमध्ये बसल्यावर आठवलं. तुझा फोन लागेना, म्हणून तुझ्या नवऱ्याला सांगितलं, बाळाजवळ नेऊ नका म्हणून."

तिच्यासमोरच त्याला विचारलं. तो पिल्लूच्या कपड्यांच्या घड्या घालत होता. मान वर न करता म्हणाला, "मला नाही आला कुणाचा फोन."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. माझ्याच लेकराच्या जिवावर बेतलं आणि ही माझ्याच नवऱ्यावर ढकलते? चोराच्या उलट्या बोंबा! दार लावून घेतलं. लहानपणी माझ्या वाटचा मार खाणारी ताई ही नव्हेच.

७ फेब्रुवारी
तिचा नंबर पुसला.

१० फेब्रुवारी
बाटली डोळ्यांसमोर नको, म्हणून परत द्यायला गेले. ताई वर्गावर होती. भाऊजींनी दार उघडलं. घरात कसलाच वास नाही! ना पुदिना, ना लिंबू. भाऊजी बाटली घेऊन थेट दाराबाहेरच्या जिन्याखालच्या कपाटाकडे गेले, कुलूप काढून आत ठेवली. म्हणाले, आम्ही घरात ठेवतच नाही. का, ते विचारायलाही मी थांबले नाही.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! रस्ताभर रडले. घरी मात्र कुणाजवळ बोलले नाही.

१२ फेब्रुवारी
नवरा गॅलरीत सासूबाईंशी फोनवर बोलत होता. पिल्लूला खांद्यावर घेऊन मी मागे उभी, त्याला पत्ता नाही. "अगं आई, ताईंच्या मुलालाही तान्हेपणी असंच झालं होतं. तेव्हापासून त्या घरात बाटली ठेवत नाहीत."

मला हे माहीत नव्हतं. ताईने मला, सख्ख्या मावशीला, कधी सांगितलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

वळला. चेहरा पांढराफटक. "फोन आला होता ताईंचा. मला वाटलं, दोन थेंबांनी काय होतंय."

ताईचा नंबर पुसलाय, पण पाठ आहे. पुन्हा पुन्हा लावतेय. उचलत नाही.