एकसष्ट नंबरची बाटली

२ जानेवारी, सोमवार

आजपासून मी नोकरदार. बावन्नाव्या वर्षी पहिली नोकरी, म्हणून धाकट्या नणंदेनं सकाळी डबा हातात देताना विचारलं, की वहिनी, शाळेत सोडायला येऊ का? मी म्हटलं, ये, आणि फाटकात रडूनही दाखव. दोघी हसलो. या घरात सकाळी कुणी हसल्याला बरेच दिवस झाले होते.

काम बाटल्या धुण्याचं. संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर कर्करोगावर संशोधन चालतं. तिथल्या काचेच्या बाटल्या आधी जंतुनाशकात बुडवायच्या, मग साबण, मग नळाचं पाणी सात वेळा, शेवटी शुद्ध पाणी तीन वेळा. साबणाचा अंश राहिला तर आत वाढवायच्या पेशी मरतात. धुण्याच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, दोन खोल बेसिनं आहेत आणि पाय अधांतरी राहतील असं उंच स्टूल आहे. मुख्य संशोधक एक बाई आहेत, सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांच्या हाताखालच्या तंत्रज्ञाचं नाव पडलंय घड्याळमास्तर. पेशींना ठरल्या मिनिटाला खाऊ घालतात, स्वतः मात्र जेवायचं विसरतात.

नणंदेनं विचारलं, हीच नोकरी का? आमच्या यांना ज्या रोगानं नेलं त्याच्याशी कुणी भांडत असेल, तर त्या भांडणाऱ्याच्या बाटल्या तरी धुवाव्यात, एवढंच मला वाटलं.

ही वही यांनीच आणलेली. छापखान्यातल्या उरलेल्या कागदांची, हातानं बांधलेली. हे गेल्यापासून नऊ वर्षं कोरी होती.

५ जानेवारी, गुरुवार

मास्तरांनी ऊबपेटी दाखवली. कपाटाएवढी, आत कायम सदतीस अंश, म्हणजे ताप नसलेल्या माणसाच्या अंगाइतकी ऊब. आडव्या बाटल्यांत गुलाबी पाणी. ते पेशींचं अन्न. पिवळं पडलं की समजायचं, खाऊन झालं. एकसष्ट नंबरची बाटली उचलून म्हणाले, हे आमचे जावईबापू, कितीही वाढा, ताट रिकामं. सूक्ष्मदर्शकातून पाहायला दिलं. बाकीच्या पेशी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, बस सुटताना चढतात तशा. एकसष्टच्या मात्र सरळ ओळीत, मध्ये सारखं अंतर सोडून. का, ते कुणालाच माहीत नाही.

बाईंना मी भीतभीत विचारलं, की या मरत का नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि समजावलं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत मरणाचा हुकूम आधीच लिहिलेला असतो. बिघडली की ती आपलं आपण आवरून घेते, दिवे मालवून, दाराला कुलूप लावून निघाल्यासारखी, शेजाऱ्यांना त्रास न देता. कर्करोगाच्या पेशीला तो हुकूम वाचता येत नाही. तो वाचायला लावायचा, यातच बाईंचं आयुष्य गेलं.

मग मी वाचायला कशी शिकले ते सांगितलं. हे छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. चुका निघालेले कागद घरी आणायचे, त्यांवर मी अक्षरं गिरवली. आता पुडीच्या कागदापर्यंत छापलेलं काही सोडत नाही. बाईंनी कपाटातून आपल्या छापून आलेल्या लेखांचा गठ्ठाच काढून दिला. न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि शुक्रवारी मास्तरांना छळायचं, असं ठरलं.

१९ जानेवारी, गुरुवार

सात लेख झाले. आठव्यात एकसष्टची हकिगत होती. या पेशी कुणाच्या: पुरुष, वय एक्कावन्न, छापखान्यातील कामगार, मानेच्या डाव्या बाजूची गाठ. पुढे महिना आणि साल. शेवटी बारीक टायपात, रुग्णाच्या पत्नीच्या लेखी परवानगीनं.

महिना तोच. साल तेच.

त्या दिवशी दवाखान्यात हे चादरीवरून काहीतरी उचलत होते. अंगठा आणि दोन बोटं, एकेक खिळा उचलून पट्टीत बसवावा तसं. शुद्ध नव्हती, पण बोटं कामावर होती. मी त्या बोटांकडे बघत होते. नर्सनं कागद पुढे केला आणि मी सही केली. छापलेलं काही न सोडणारी मी, तो एकच कागद वाचला नाही.

२३ जानेवारी, सोमवार

बाईंना सांगितलं. त्या उभ्या राहिल्या, मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, दार लावलं. मी एकच मागितलं. त्यांना आता मरू द्या.

बाई म्हणाल्या, की या पेशी चाळीस प्रयोगशाळांत गेल्यात. दोन औषधं त्यांच्यावरून सापडली. कुणाकुणाचे नवरे त्यामुळे चालत घरी गेले. मी म्हटलं, त्या बायका सुखी राहोत. पण ज्यांना मी नऊ वर्षं गेलेले समजते, ते रोज जेवतायत आणि मलाच माहीत नाही. बाई म्हणाल्या, ते नव्हेत हो, तो त्यांचा आजार आहे. मी विचारलं, मग ओळीत का बसतात?

पुढच्या आठवड्यात नवं औषध त्या बाटलीत घालून पाहणार आहेत. लागू पडलं तर सगळ्या मरतील. माझा सगळा जीव त्या औषधात आहे.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

लागू पडलं. दोन दिवसांत ओळी विस्कटल्या, पेशी आक्रसून तरंगायला लागल्या. मास्तरांनी मला एकटीला पाच मिनिटं दिली. ऊबपेटीच्या काचेवर हात ठेवला आणि म्हटलं, आता या. घरी झोपले, ती सकाळपर्यंत जाग नाही.

६ फेब्रुवारी, सोमवार

ओळी परत आल्यात. पहिल्यापेक्षा दाट. सगळ्या बाटलीच्या एकाच बाजूला, माझ्या धुण्याच्या खोलीच्या बाजूला. मास्तर म्हणाले, जावईबापूंना तुमचा हात आवडला. तासाभरानं त्यांनी बाटली उलट्या दिशेला फिरवून ठेवली.

८ फेब्रुवारी, बुधवार

ओळी पुन्हा माझ्या बाजूला. मास्तर आता थट्टा करत नाहीत.

९ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी मास्तर चक्क जेवायला गेले. मी बाटली काढून बेसिनवर नेली. जंतुनाशक ओतायचं, बस. बाटली कोमट होती, मनगट धरावं तशी. आतलं पाणी थरथरत होतं. माझा हात थरथरत नव्हता.

हातातच फुटली. उजव्या अंगठ्यात काच खोल गेली.

मी लपवलं नाही. बाईंनी पंधरा मिनिटं अंगठा नळाखाली धरला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, या पेशी गोठवून ठेवलेल्या आहेत, उद्या दुसरी बाटली भरू. आणि तुम्ही घाबरू नका. परक्याच्या पेशी शरीर ठेवून घेत नाही. राखणीच्या कुत्र्यासारखं वासावरून ओळखतं आणि फाडून टाकतं. परक्याच्या, असं तीनदा म्हणाल्या.

मी मान हलवली. चोवीस वर्षांचा संसार झाला होता आमचा.

१५ फेब्रुवारी

जखम भरली. वणसुद्धा नाही. अंगठा गरम लागतो. सारखी भूक. नणंद म्हणाली, वहिनी, नोकरीबरोबर दुसरं पोटही मिळालं का?

२० फेब्रुवारी

अंगठ्यापासून मनगटापर्यंत कातडीखाली दाणे. मोहरीएवढे. एका ओळीत. मध्ये सारखं अंतर.

२२ फेब्रुवारी

जेवताना नणंदेचा घास हातातच राहिला. म्हणाली, दादा असंच करायचा. मी खाली पाहिलं. माझा उजवा हात टेबलाच्या कापडावरून काहीतरी उचलत होता. अंगठा आणि दोन बोटं. मला कळलंही नव्हतं.

ती उठून आत गेली. मी हात मांडीखाली दाबून बसले.

२७ फेब्रुवारी

बाईंनी सुईनं एक दाणा काढून घेतला. हसून बोलत होत्या. सुई काढल्यावर नाही.

१ मार्च

बाईंनी सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. ओळी.

म्हणाल्या, तुमच्या शरीरानं हल्लाच केला नाही. त्याला परकं कुणी दिसलंच नाही.

औषध? पाहिलंत ना, म्हणाल्या. कापून? खांद्याच्या पुढे गेलंय. बाईंचे हात गार होते. एका हातात माझा हात. दुसऱ्यात एक छापील कागद. म्हणाल्या, घाई नाही. वाचा आणि मग सही करा.

२ मार्च

दाणे मानेपाशी. डावीकडे, यांची गाठ होती तिथे येऊन थांबलेत.

नणंदेनं रात्रभर हात धरून ठेवला. सोडला की कामाला लागतो.

३ मार्च

डाव्या हातानं लिहितेय, पेन्सिलीनं. अक्षर सांभाळून घ्यावं.

कागद वाचला. या वेळी एक शब्द सोडला नाही. या पेशी ठेवायच्या, वाढवायच्या, मागेल त्या प्रयोगशाळेला पाठवायच्या. मुदत नाही. मी सही केली नाही, तर माझ्या अंगातलं हे तरी माझ्याबरोबर संपेल. दोघांचं. एवढं एक माझ्या—

सही करणार नाही. बाईंना सांगणार. गोठवलेल्या त्यांच्याकडे आहेत, त्यांना माझ्या सहीची काय—

पेन उजवीकडे ठेवायला नको होतं.

हात कागद सरळ करतोय. कड टेबलाच्या कडेशी जुळवून, हे करायचे तसं— डाव्यानं धरून पाहिला. पेन सुटत नाही. गरम आहे. पहिलं अक्षर— माझं नाव, माझ्यापेक्षा सुबक—

अहो, नका. मी आले आहे ना तुमच्याबरोबर. आता पुरे. अहो—