दोन वर्षांनी लहान

आप्पा, तुम्हाला जाऊन आता पंधरा वर्षं होतील. अजूनही गावात कुणी भेटलं की म्हणतं, बापानं पोरासाठी काय काय केलं, म्हणून पोरगं देशाकडून खेळलं. मी हसून मान हलवतो. तुम्ही काय केलंत ते त्यांना माहीत नाही. आपल्या चौघांना माहीत होतं. आई गेली, तुम्ही गेलात, आता ते माझ्यात आणि ताईत उरलंय. माझ्याहून दीड वर्षानं धाकटी, तरी तुम्ही तिला लाडानं ताई म्हणायचात, म्हणून सगळेच म्हणायचे.

दौंडच्या शाळेचं ते ऑफिस मला नीट आठवतं. मे महिना, शाळेला सुट्टी, आणि मी तुमचा डबा घेऊन आलोय. टेबलावर दोन जनरल रजिस्टरं उघडी आहेत. एक जुनं, कडेला वाळवीनं खाल्लेलं, दुसरं कोरं. तुम्ही हेडक्लार्क, अक्षर मोत्यासारखं. जुनं नव्यात उतरवण्याचं काम तुमच्याकडेच आलेलं. त्याच्या आठवडाभर आधी रेल्वेच्या ग्राउंडवर आम्हाला फुटबॉल शिकवणारे सर तुम्हाला म्हणाले होते, "पोराचा पाय लई चांगला हाय, पण सोळाच्या खालच्या संघात आता बसत न्हाई. दोन वर्षं उशीर झाला." तुम्ही माझ्या नावापुढं जन्मतारखेच्या रकान्यात पेन टेकवलंत आणि ती दोन वर्षं काढून टाकलीत. वाळवीनं खाल्लेल्या पानाला कोण विचारणार होतं?

मग पुढची पानं उलटताना तुम्ही थांबलात. "हिचं बी करावं लागंल. न्हाईतर तू ताईपेक्षा धाकटा हुशील," म्हणालात. आपण दोघं हसलो, आप्पा. तिचंही वय तुम्ही दोन वर्षांनी कमी केलंत, शाई वाळावी म्हणून फुंकर मारलीत, आणि डबा उघडलात. पुढच्या रविवारी पुण्याहून माझ्यासाठी खिळ्यांचे बूट आणलेत. ताईसाठी काही आणायचं तुम्हाला सुचलं नाही. मलाही नाही.

मी खेळलो मात्र. ते खोटं नव्हतं. उजव्या बाजूनं मी धावायला लागलो की मला अडवणारं कुणी नसायचं. आणि नसणारच, कारण समोरची काही पोरं खरोखरच चौदा वर्षांची होती. त्यातल्या एकाला मी खांदा मारला तेव्हा त्याचं गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो आईला हाका मारत होता. प्रेक्षकांत तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवत होतात. घरी आल्यावर तुम्ही लोकांना सांगितलंत, "आमच्या पोराचा धक्का म्हंजी भिंत हाय." पुढं संघनिवडीच्या शिबिरात गेलो तर तिथं सकाळी बेसिनपाशी दाढी करायला रांग लागायची. पंधरा वर्षांच्या मुलांची रांग! कुणी कुणाकडं बघायचं नाही. मला तेव्हा किळस यायला हवी होती. मला हायसं वाटलं.

ताई बारावी झाली तेव्हा माझं नाव पहिल्यांदा देशाच्या ज्युनिअर संघाच्या यादीत लागलं होतं. तिला नर्स व्हायचं होतं. आईच्या आजारपणात तिनं दवाखान्यात दोन महिने काढले होते आणि तिथल्या सिस्टर तिला म्हणाल्या होत्या, तुझा हात हलका आहे, तू ये. मार्कही होते. पण फॉर्म परत आला: सतरा वर्षं पूर्ण नाहीत. खरी ती अठराची होती. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ती चुलीशी बसली होती, फॉर्म मांडीवर, आणि मी दारात बुटांचा चिखल काढत होतो.

"आप्पा, माझी तारीख तेवढी नीट करा," ती म्हणाली.

"तुझी केली की त्याची बी निघंल. त्याचं नाव लागलंय यादीत. आता हात लावायचा न्हाई."

"मग मी काय करू?"

"थांब वरीसभर. कुठं पळून चाललंय नर्सिंग?"

"मी शाळेत जाऊन सांगते हेडमास्तरांना."

तुम्ही उठलात आणि तिच्या थोबाडीत मारलीत. त्याआधी तुम्ही तिला कधी हात लावला नव्हता. आई म्हणाली, "अवो, तिचं काय चुकलं?" ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी बुटाचा एकेक खिळा साफ करत राहिलो. माझ्या एका शब्दावर ते सगळं फिरलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

वर्षभर ती थांबली नाही, तुम्ही थांबू दिलं नाहीत. सहा महिन्यांत तिला वरवंडला दिलीत. कागदावर सोळाची, म्हणून लग्नाची नोंदसुद्धा केली नाही. मी शिबिरात होतो, लग्नाला आलो नाही.

मग मोठ्या संघात गेलो. मोजके सामने, त्यातले निम्मे बाकावर बसून. तरी आपल्या मूळ गावी, कवठे येमाईला, देवळापुढं मंडप घातला, फेटा बांधला, पुढारी बोलले की, एवढ्या कोवळ्या वयात एवढी झेप! तुम्ही पहिल्या रांगेत डोळे पुसत होतात. ओवाळायला ताईला आणलं होतं. तिनं ओवाळलं, मग माझा देशाचा टी-शर्ट मागून घेतला आणि दोन्ही हातांवर धरून जरा तोलून पाहिला.

"एवढा हलका असतो व्हय?" म्हणाली, आणि परत दिला.

खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, गुडघा गेला, खेळ संपला. तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडलो. खोटं नाही सांगत, आप्पा, तुमच्यावर माझा जीव होता, आणि त्याचीच मला जास्त घाण वाटते. तुम्ही वाईट असता तर बरं झालं असतं.

मागच्या महिन्यात ऑफिसात सेवापुस्तकं संगणकावर चढवायला घेतली. ज्यानं त्यानं आपली जन्मतारीख तपासून, चूक असेल तर सांगून, सही करायची. ताईला सहज बोललो. फोनवर ती म्हणाली, "दादा, एकदा खरं सांगून टाक. मला आता काय बी नगं. पण कुठंतरी एका कागदावर तरी खरं असू दे."

मी हो म्हणालो. त्या दिवशी अंघोळ करून, देवाला हात जोडून गेलो. टेबलामागच्या मुलीनं स्क्रीन माझ्याकडं वळवला. "बरोबर आहे ना सर? तुम्ही इंडियाकडून खेळलाय ना? माझे बाबा सांगत होते." तिच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं. मी म्हणालो, "बरोबर आहे." आणि सही केली.

रविवारी वरवंडला गेलो. ताईनं दारातच विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हणालो.

ती पदरानं डोळे पुसत आत गेली. तिनं पुरण घातलं होतं. मी जेवलो, आप्पा. दोनदा मागून घेतलं.