रूपालीने खाली ठेवलेलं पन्हं

शुगर लँड, टेक्सस,
११ मे

प्रिय आन्या,

फोनवर हे सांगायचा मला धीर होणार नाही, म्हणून लिहिते. रविवारच्या शाळेत मीच तुला मराठी शिकवलंय, तेव्हा वाचता येत नाही ही सबब नको.

काल तुझे त्र्यंबककाका येऊन गेले. काका म्हणायचं आता सोड. सोफ्यावर ऐसपैस बसून मला सांगत होता, की त्याच्या मसाल्याच्या वेअरहाउसमधून रेखाला काढलं ते उशिरा येण्यावरून. तुमच्या कामगारांच्या मीटिंगांची त्याला गंधवार्ताही नव्हती. गंधवार्ता नव्हती म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी मी त्याला चहा दिलाच. एकतीस वर्षांची सवय, दुसरं काय.

त्या पत्र्याच्या शेडमध्ये शंभर डिग्री फॅरनहाइटमध्ये बायका तिखटाची पाकिटं भरतात आणि पाणी प्यायला उठल्या तर सुपरवायझर नाव लिहून घेतो. गेल्या ऑगस्टमध्ये रेखा तिथेच चक्कर येऊन पडली. त्यानंतर तिने मागितलं काय, तर दोन पंखे आणि दर दोन तासांनी दहा मिनिटं. आणि हाच माणूस गणपतीत माइक धरून सांगतो, आपण सगळे एक कुटुंब! तू इंजिनीअरिंग सोडून या कामगारांच्या कामात पडलीस तेव्हा मी आठवडाभर रडले होते. लाज वाटते आता त्याची.

रेखाचं नाव कुणी फोडलं, हे तू सगळ्यांना विचारत फिरलीस. बिचाऱ्या नेत्रावर संशय घेतलास, तिने मीटिंगला यायचंच बंद केलं. मला मात्र विचारलं नाहीस आणि मीही मूग गिळून बसले.

आपल्याकडचं चैत्रातलं हळदीकुंकू आठव. रेखालाही मी बोलावलं होतं. कोपऱ्यात अवघडून बसली होती गं. नव्या बाईची ओळख करून द्यायची, कौतुकाचे चार शब्द बोलायचे, ही आपली रीत. त्र्यंबकच्या बायकोच्या, रूपालीच्या हातात पन्ह्याचा पेला देता देता मी म्हणाले, "ही रेखा. आमच्या आन्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांत धीटपणे हीच बोलते." रूपालीने पेला न पिताच खाली ठेवला. तो शनिवार होता. सोमवारी रेखाची नोकरी गेली.

काल निघताना त्र्यंबक दारात थांबून म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही काही बोललाच नाहीत, असं धरू या." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेखा मीटिंगला जाते हे त्याला माहीतच नव्हतं, एवढ्यावरच त्याची सगळी मदार आहे. तर तुझ्या वकिलाला माझं नाव दे. गुरुवारी लेबर बोर्डाच्या ऑफिसात रेखाचा जबाब आहे ना, त्याच्यामागोमाग माझाही होऊ दे. काय बोलले, कुणाला बोलले, सगळं शपथेवर सांगेन. आपलं मराठी मंडळ मला वाळीत टाकेल, टाकू दे. आधी नेत्राची माफी माग. माझ्यावर हवं तेवढं चिडायला नंतर वेळ आहे. मला फ्रीवेवर ड्राइव्ह करायची भीती वाटते, तेव्हा न्यायला ये, आणि येताना रेखालाही घे. पाण्याच्या बाटल्या मी आणते.

तुझीच,
बडबडी आई