चाळीस लिटर

९ मार्च, शनिवार

फिशटँकच्या काचेवर पुन्हा तपकिरी शेवाळ. सकाळी खरवडलं, संध्याकाळी हजर. मीठ चांगलं, दिवा चांगला, म्हणजे दोष पाण्याचाच. समुद्राचं पाणी घरी बनवायचं तर आधी त्यात काहीच नसलेलं पाणी हवं. क्षार मोजायचं मीटर घेऊन बसलो. नळ – ४१०. बोअर – चौदाशे, त्यात म्हैसही तोंड घालणार नाही. जार – ११०. जारवाला म्हणतो, "डोळे झाकून प्या." स्वयंपाकघरातला फिल्टर – ८५. बॅटरीत घालायचं पाणी शून्याजवळ असतं, पण ते कुठल्या डब्यातून येतं कोण जाणे.

रोहिणी म्हणाली, "परभणीत समुद्र कशाला पाहिजे होता?" तिला काय सांगू. हैदराबादहून मांडीवर पिशवी धरून रेल्वेनं आणलेत दोन मासे. आता मरू द्यायचे?

१२ मार्च

आज वॉर्डात सहज मीटर बुडवलं. डायलिसिसच्या टाकीतलं पाणी – ४! रक्त धुवायचं पाणी ते, असणारच. बारा वर्षं त्याच मशीनवर काम करतो आणि पाणी शोधत गावभर फिरलो. काखेत कळसा नि गावाला वळसा.

दोन कॅन भरले, वीस-वीस लिटरचे. टाकी भरलेलीच होती. कोणाचं काय गेलं?

२ एप्रिल

काच लख्ख. मासे खूश. आणि आज मी सापडलो.

दगडाबाईनं पाहिलं. जिंतूरची म्हातारी, तीन वर्षांपासून मंगळवार-शुक्रवार एसटीनं येते. मशीनवरून उतरून बाकावर टेकली होती. मी कॅन घेऊन समोरून. "लेकरा, एवढं पाणी कुठं न्यायलास?"

तोंडातून निघून गेलं, "आई आजारी हाय मावशी. तिला असलंच पाणी लागतं."

आई जाऊन दोन वर्षं झाली.

ती कॅनकडं बघत राहिली. तिला दिवसाला अर्धा लिटर पाणी प्यायची मुभा. "एवढं मला अडीच म्हैने पुरंल," म्हणाली आणि हसली.

५ एप्रिल

"माय कशी हाय?"

"बरी हाय."

१२ एप्रिल

दगडाबाईनं पिशवीभर कुरडया आणल्या. "मायला तळून दे." नको म्हणालो तर पिशवी माझ्या गाडीला अडकवून गेली. तिला स्वतःला मिठाचं खायला बंदी.

रोहिणीनं विचारलं, कोणी दिल्या? पेशंटनं, म्हटलं. तिनं तळल्या. मी चार खाल्ल्या, आईच्या फोटोकडं पाठ करून.

१९ एप्रिल

दर वेळी ठरवतो, आज शेवटचं. आजही नेलं.

३० एप्रिल

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. लिहितो.

सकाळी कॅन भरले. दुपारी जेवायला गेलो तेव्हा घरी टाकले, मीठही कालवलं. परत आलो तर टँकर आलेला नाही, पाणी शुद्ध करायचा प्लँट बंद. टाकीत उरलं तेवढ्यावर शेवटची पाळी. त्यात दगडाबाई एकटीच.

दोन तास चाळीस मिनिटांनी मशीन ओरडलं. पाणी संपलं. चार तास व्हायला हवे होते. एक तास वीस मिनिटं कमी. मशीनला तासाला तीस लिटर लागतं. हिशोब उभ्या उभ्या झाला. पुन्हा केला. चाळीस लिटर, बरोब्बर.

"टँकर आला न्हाई मावशी," म्हटलं. हे खरं होतं, म्हणून जास्तच लाज वाटली.

"असू दे. पाचची गाडी तरी मिळंल," ती म्हणाली. पदरानं हात झाकून हळूहळू गेट ओलांडून गेली. मी खिडकीतून बघत होतो.

३ मे

दगडाबाईचं तोंड सुजलेलं. श्वास लागला म्हणून दोन रात्री बसून काढल्या म्हणे. पायावर बोट दाबलं, खड्डा तसाच राहिला. धापा टाकत पहिला प्रश्न – "माय कशी हाय?"

आज पाणी होतं, चार तास पूर्ण झाले. सांगायचं होतं, सांगितलं नाही. नोकरीची भीती आहेच. पण खरं म्हणजे तिच्या तोंडाकडं बघायची हिंमत नाही. मी इतका हलका माणूस असेन असं वाटलं नव्हतं.

४ मे

हैदराबादहून माशांसाठी वेगळा फिल्टर मागवला. दोन्ही कॅन भंगारात दिले. आधीच करता आलं असतं. आळस केला, एवढंच.

मासे माझ्याकडं बघून वर येतात. खायला घातलं आणि दिवा बंद केला.

७ मे

सुई लावायच्या आधी सांगून टाकलं. आई नाही, मासे आहेत. त्या दिवशीचं तुमचं पाणी मीच नेलं.

"माय न्हाई ते म्हाईत हाय," दगडाबाई म्हणाली. "ती वारली तवा तू पंधरा दिवस न्हवतास. दुसऱ्यानं सुई लावली, हात काळानिळा झाला माझा. इसरंन का मी?"

मग इतके दिवस बोलल्या का नाहीत?

"सुई तुझ्या हातात हाय, लेकरा," म्हणाली, आणि हात पुढं केला.