स्टिक हातात येईपर्यंत

१२ जानेवारी १९५९, सोमवार
आणि आज पुन्हा तेच. हैबतराव म्हणाले, 'अजून नाही.' फोरमन झाले म्हणून काय झालं? तीन वर्षं या गिरगावातल्या छापखान्यात वापरलेले छपाईचे खिळे धुऊन पेटीतल्या ज्याच्या त्याच्या घरात परत टाकतोय. शिशाची उलटी अक्षरं मी झरझर ओळखतो. कागदावरची सुलटी वाचायला जरा वेळ लागतो, पण त्याचा इथे काय संबंध? स्टिक हातात आली की मी कंपॉझिटर. वीतभर लोखंडी पट्टी, तीत ओळ जुळवायची. तेवढीच मागतोय, त्यांची इस्टेट नाही.
संकल्प : आजपासून रोज दहा इंग्रजी शब्द.

१३ जानेवारी
दहा फार होतात. एकच, पण पक्का. शब्द : स्टिक. प्रूफ तपासणारे मास्तर म्हणाले, मुळात झाडाची वाळकी काडी. म्हणजे एका काडीसाठी हैबतराव मला तीन वर्षं नाचवतायत.

१५ जानेवारी
काडीवरून आठवलं. गाव सोडताना कोंडीबाची सोनी धरणाच्या पाण्याकाठी उभी होती. हातात काडी. ती पाण्यात टाकली आणि म्हणाली, 'नीट जा. पाय बघून टाक.' चारचौघांत पोरगी याहून जास्त काय बोलणार? मी समजलो. कंपॉझिटर झालो की बा कोंडीबाकडे शब्द टाकणार. त्याआधी नाही, ही माझीच अट.

२ फेब्रुवारी
भिंतीवर 'स्टिक नो बिल्स'. मास्तर म्हणाले, इथे स्टिक म्हणजे चिकटवणे. मैदानात पोरं हॉकी खेळतात, तीही स्टिक. साहेबाची फिरायची काठी, तीही. आणि जो कामाला चिकटून राहतो, त्यालाही हाच शब्द लावतात म्हणे. माझ्याकडे बघून म्हणाले. मास्तरांना माणूस कळतो.
दुपारनंतर रजा घेतली. डोकं दुखत होतं.

१९ फेब्रुवारी
वाल्मीकचं पत्र. आमच्या गावातली सगळी पत्रं तोच लिहितो, तोच वाचून दाखवतो. सोनीच्या घरी माझे निरोपही तोच नेतो. संक्रांतीला खण त्याच्याच नावे पाठवला होता. लिहितो, 'खण पोचला. सोनीला लई आवडला. कोंडीबामामांनी जेवल्याबिगर सोडलं न्हाई.' मित्र असावा तर असा. धरणावर वॉचमन लागलाय. खाकी डगला, हातात काठी. 'तुज्या आधी माज्या हातात आली बघ.' हसू आलं. त्याच्या काठीला अक्षरं जुळवता येतात का?

९ मार्च
हैबतरावांनी आपली स्टिक दिली, निधनाची एक बातमी जुळवायला. कै. मधुकर यांचे कै. मघुकर झाले. ध आणि घ इतके सारखे ओतणाऱ्याला कुणी बोलत नाही. मशीनवरचा कुशाबा म्हणाला, 'जाऊ द्या हो हैबतराव, ज्याचं नाव हाय त्यो काय वाचाय येतोय?' हैबतराव हसले नाहीत. स्टिक काढून घेतली.

२८ मार्च
वाल्मीकचं पत्र. 'मामा सोनीचं लगीन वैशाखात उरकायचं म्हंत्यात. पत्रिका छापील पायजे. तुज्याच छापखान्यात करू. मजकूर घिऊन मी येतोय.' नवऱ्याचं नाव लिहिलेलं नाही. मलाच माझं नाव कशाला कळवील? बाने परस्पर ठरवलं. माझी अट मोडली म्हणून रागवायला हवं, पण सवड नाही. छापखान्यात पेढे वाटले. कुशाबाने तीन खाल्ले.

११ एप्रिल
वाल्मीक येऊन गेला. माझी वळकटी त्याला दिली, मी फरशीवर. फार बोलला नाही. दमला असेल. मजकुराचं पाकीट थेट हैबतरावांच्या हातात दिलं. मी हात पुढे केला तर म्हणाला, 'तू नगं बघू आत्ता.' गंमत करायची असणार. एस.टी. चुकेल म्हणून अर्धा चहा टाकून पळाला.

१३ एप्रिल, सोमवार, दुपारी
आली. नवी कोरी. हैबतराव म्हणाले, 'लग्न तुझ्या गावचं, तूच जुळव. ही आता तुझी.' मागे माझं नाव कोरून आणलंय : धाकलू.

संध्याकाळी
'चि. सौ. कां. सोनी, कोंडीबा यांची कन्या' इथवर एक खिळा चुकला नाही. पुढच्या ओळीला कागदावर 'चि. वाल्मीक'.
वाटलं, लिहिताना सवयीने स्वतःचं नाव पडलं असेल. पुन्हा वाचलं, बोट ठेवून. बापाचं नावही त्याच्याच बापाचं.
मी 'चि. धाकलू' जुळवलं. ओळीत छान बसलं. हैबतराव मागे येऊन उभे राहिले, वाचलं, आणि निघून गेले. मग मी एकेक खिळा काढून ज्याच्या त्याच्या घरात टाकला. त्या कामात माझा हात बसलेला आहे.
वाल्मीक जुळवलं.

१४ एप्रिल
मास्तर म्हणाले, प्रूफात एकही चूक नाही. कुशाबाने पत्रिका दोनदा वाचली. म्हणाला, 'धाकलू, पेढे तर पचले रं आमाला.' मग त्याचा चहा माझ्यापुढे सरकवला.

१५ एप्रिल
संकल्प : लग्नाला जाणार नाही. आहेर नाही. बाला एक कडक पत्र.
पत्र अर्धं झाल्यावर लक्षात आलं. बाला ते वाचून दाखवणार वाल्मीकच.

१८ एप्रिल
गाव सोडलं त्या दिवशी पाण्याकाठच्या दगडावर शेवाळ होतं, हे आता आठवतंय. मी दोन वेळा घसरलोही होतो.
काडी होती. हातात होती म्हणून टाकली.

६ मे
पोस्टात गेलो. पाच पाठवणार होतो. मनिऑर्डरीच्या फॉर्मवर निरोपाला जागा असते, तिथे काही सुचलं नाही. कोरीच ठेवली. सोनीला आहेर, अक्षरी रुपये अकरा फक्त.