डॉक्टरांच्या गुलाबांवरचे ढालकिडे

बुधवार, दि. ९, सकाळचे पावणेसात. गुलाबाची पाने उलटून पाहत असताना.

तीर्थस्वरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघा अजून धरत असेल तर आशीर्वाद बसूनच दे.) तू, तुझे मांजर आणि मागच्या पत्रातला खोकला, तिघांची खुशाली कळव. मी ठीक आहे. भूक लागते, झोप लागत नाही.

माझ्या मालकांचा, म्हणजे दातांच्या डॉक्टरांचा, हट्ट तुला ठाऊकच आहे: बागेत औषधाचा थेंब नको. म्हणून गुलाबांवर माव्याची कीड चढली तेव्हा त्यांनी मावा खाणारे ढालकिडे मागवले. (लाल पाठ, काळे ठिपके, लहानपणी मी काडेपेटीत ठेवायचो तेच. आता ते विकत मिळतात.) डबीवर लिहिले होते, सोडेपर्यंत थंड जागी ठेवा. मी ती फ्रीजमध्ये लोण्याशेजारी ठेवली आणि वर ठळक अक्षरांत "जिवंत" असे लिहिले. स्वयंपाकीणबाईंनी तरीही उघडली. त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही, आणि तेव्हापासून मी दिसलो की त्या विचारतात, "काय रे, तुझी गुरं जेवली का?"

जेवली. तेच तर झाले. संध्याकाळी पाने ओली करून मी एकेक किडा रंगाच्या ब्रशने फांदीवर ठेवला, आणि त्यांनी बागेत औषधालाही मावा ठेवला नाही. डॉक्टर इतके खूश झाले की येत्या रविवारी त्यांनी बागप्रेमी मंडळाला चहाला बोलावले: किडे कामावर असताना पाहायला या. हे नीट पार पडले तर मी कायम आणि गॅरेजवरची खोली माझी. नाही तर महिनाअखेरीस गाठोडे बांधायचे. पण खायलाच उरले नाही तर किडे राहतील कशाला? परवापासून ते भिंत ओलांडून शेजारच्या वकिलांकडे जात आहेत. तिथे मावा भरपूर. डॉक्टरांनी वकिलांची चुकीची दाढ काढल्यापासून दोन्ही घरांत बोलणे नाही, त्यामुळे ना किडे परत मागता येतात, ना मावा उसना. डॉक्टर रोज फाटकातून ओरडतात, "आपली फौज काय म्हणते?" मी म्हणतो, "मजेत आहे, साहेब." हे खोटे नाही. मजेतच आहे, फक्त भिंतीपलीकडे.

बाकी सर्व क्षेम.

तुझा भाचा

ता. क. तुझ्या घेवड्यावर मावा पडल्याचे तू लिहिले होतेस. अजून असल्यास कृपया धुऊ नकोस.

ता. क. दुसरा: चांगली भरलेली एक फांदी शनिवारच्या आत पाठव. उरलेले चार किडे तरी रविवारपर्यंत थांबतील.

ता. क. तिसरा: पाकीट चिकटवणार तेवढ्यात डॉक्टर आले. कोणाला लिहितोस? म्हणालो, आत्याला, तिच्या घेवड्यावर मावा आहे. (घाबरलो की माझ्या तोंडून खरे निघते.) ते म्हणाले, "अरे, मग आपले थोडे किडे धाड की तिला! माझ्याकडून भेट म्हणून सांग." मी त्यांच्याकडे पाठ करून गुलाबावरून किडे वेचल्यासारखे केले आणि डबी बांधली. सोबत तीच पाठवत आहे. रिकामी आहे. तरी किडे सुखरूप पोचले, लगेच कामाला लागले, असे आभाराचे पत्र डॉक्टरांच्या नावे लिही आणि डबीत मावा भरून माझ्या नावे पाठव. पत्र जरा सुवाच्य असू दे. रविवारी ते मंडळापुढे वाचून दाखवणार आहेत.