राबापासून रोपापर्यंत

आई, तू जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी अजून राबावरून तुझ्याशी वाद घालते आहे.

माझं आताचं काम तू पाहिलं नाहीस. शेतकरी फोनवर प्रश्न विचारतात, संगणक उत्तर देतो, आणि त्या संगणकाला शब्दांची नाती शिकवते मी. शब्द आम्ही झाडासारखे मांडतो. वर शेती, खाली फांद्या, फांद्यांवर शब्द. एका शब्दावरून दुसऱ्यावर जायला किती फांद्या ओलांडाव्या लागतात ते मोजायचं. जितक्या कमी, तितके शब्द जवळचे. कुणीतरी राब ठेवला होता 'कचरा जाळणे'खाली आणि रोप 'पीक'खाली. मध्ये नऊ फांद्या.

यंदा मुरबाडकडच्या एका बाईने विचारलं, "अवकाळीनं राब भिजला, नीट भाजला नाय. आता रोपाचा काय करू?" यंत्राने तिला कचरा जाळण्याचे तोटे ऐकवले. तिने फोन ठेवून दिला. ते ध्वनिमुद्रण ऐकताना मला किन्हवलीचं आपलं शेत दिसायला लागलं. माझी अकरावी नुकतीच संपली आहे. भाताचं बी टाकायची जागा भाजून घ्यायची, राब करायचा, म्हणून तू शेण, पाला, त्यावर माती पसरते आहेस, आणि मी बांधावरून म्हणते, "आमच्या पुस्तकात राबाचं नावसुद्धा नाय." तू मान वर न करता म्हणतेस, "मंग पुस्तकवाल्याला एक डाव घेऊन ये. आनि तू पाला दाट टाक गो, कमी भाजला का तन माजतो."

त्याच वर्षी आपला राब भिजला. तू माळ्यावरचा पेंढा काढून पुन्हा पसरलास, जमला तेवढा राब भाजलास, बी विरळ टाकलंस आणि नंतर रोज बसून तण उपटलंस. तुझी पाठ धरली होती. मी बारावीचा अभ्यास आहे म्हणून घरातच बसले.

त्या बाईला मी स्वतः फोन केला आणि तू केलेलं सगळं सांगितलं. "तू कुठली गो?" तिने विचारलं. किन्हवलीची म्हटल्यावर म्हणाली, "तवाच." पुढे तिनेच कळवलं, "सगळा नाय, पन लावनीपुरता रोप झाला."

मग साहेबांशी दोन दिवस वाद घालून मी झाडात आणखी एक नातं घालून घेतलं: एकाशिवाय दुसरं होत नाही, असं. आता राब आणि रोप शेजारी आहेत. प्रत्येक नव्या नात्यापुढे एक रकाना असतो, माहिती कुणी दिली याचा. तिथे मी तुझं नाही, माझं नाव लिहिलं. साहेबांनी कौतुक केलं, तेही मी माझंच म्हणून घेतलं. हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणूनच एवढं लिहवलं.